सासऱ्यांच्या घड्याळातली तारीख

"आज बाबा जेवायला येतायत," बायकोने सांगितलं आणि निरीक्षकसाहेबांचा चहा बशीत सांडला.

तसे साहेब घाबरट नव्हते. दुकानदारांचे वजनकाटे तपासणं ही त्यांची नोकरी. काटा केसभर जरी इकडचा तिकडे झाला, तरी समोरच्याला घाम फोडायचे. पण सासरेबुवा म्हणजे निवृत्त हेडमास्तर. शिस्त अशी, की स्वतःच्या मेव्हणीच्या लग्नाला ते म्हणे आदल्या दिवशीच सहकुटुंब हजर झाले होते. कार्यालयाचं कुलूपसुद्धा उघडलं नव्हतं. "याला म्हणतात वेळेची कदर!" असं सारे नातेवाईक अजून कौतुकाने सांगत.

याच हेडमास्तरांनी लग्नात आपल्या मनगटावरचं चावीचं घड्याळ काढून धाकट्या जावयाच्या हातात बांधलं होतं. साहेबांनी ते चार दिवस घातलं आणि कपाटात ठेवून दिलं. बायको मात्र फोनवर दर वेळी माहेरी सांगायची, "हो बाबा, रोज घालतात. झोपतानाच काय ते काढतात."

"आणि ऐका," ती आता म्हणाली, "बाबा म्हणाले, घड्याळ बघायचंय. वापरात नसेल तर थोरल्या जावईबापूंना देऊन टाकतो, त्यांनी दोनदा विचारलंय."

"त्याने विचारलं? त्याला काय कमी आहे?"

"ते मला माहीत नाही. पण बाबांच्या हातातलं घड्याळ ताईकडे गेलं ना, तर मी तुमच्याशी महिनाभर बोलणार नाही. ते बाबांनी मला दिलंय. तुम्ही फक्त मनगट आहात."

मनगट निमूटपणे उठलं. मोज्यांच्या खाली घड्याळ सापडलं. चावी दिल्यावर ते टिकटिकायलाही लागलं. वेळ लावायला काय लागतंय? पण चौकटीत तारीख होती तेरा, आणि आज होती अकरा.

"दोनच दिवस मागे घ्यायचंय," बायको म्हणाली.

साहेबांनी काटे उलटे फिरवले. काटे मागे गेले, तारीख ढिम्म हलली नाही. ती फक्त पुढे जाणारी होती, आणि पुढे म्हणजे तेरापासून एकतीसपर्यंत आणि मग पुन्हा एकपासून अकरापर्यंत. एक तारीख सरकवायला छोटा काटा दोनदा फिरवायचा. साहेब खिडकीत बसून चावी फिरवू लागले. विसाव्या तारखेला अंगठा लाल झाला. सत्ताविसाव्या तारखेला बायकोने गहू निवडायला दिले, ते त्यांनी दुसऱ्या हाताने निवडले.

अखेर अकरा उगवली. साहेब काटे हळूहळू साडेदहावर आणत होते, तेवढ्यात बायको ओरडली, "अहो, दार! बाबा आले बहुतेक!" बाबा नव्हते, इस्त्रीवाला होता. पण त्या गडबडीत काटे साडेदहाच्या पुढे गेले. तारीख मात्र अजून अकराच होती. 'हात्तिच्या!' म्हणत साहेबांनी काट्यांना आणखी एक फेरी मारून पुन्हा साडेदहावर आणून उभं केलं. त्या एका फेरीत घड्याळाची सकाळ संपून रात्र झाली होती. काट्यांकडे बघून ते कळत नाही, आणि दुसऱ्यांचे काटे तपासणाऱ्या माणसाच्या डोक्यात ते आलंही नाही.

सासरेबुवा आले, पाणी प्यायले आणि शाळेतल्याच आवाजात म्हणाले, "जावईबापू, आज तारीख किती?"

साहेबांनी झोकात बाही वर केली. "अकरा!"

"वा!" म्हणत सासरेबुवांनी वाकून घड्याळ निरखलं. बायकोने दारामागून नवऱ्याकडे असं बघितलं, की त्यांच्या अंगठ्याचं दुखणं थांबलं.

पानं वाढली गेली. साहेबांनी सहज मनगटाकडे पाहिलं, तर अकरा चौकटीत वर सरकत होती आणि खालून बाराचं डोकं दिसत होतं! भर दुपारी घड्याळाची मध्यरात्र होत आली होती. त्यांनी बाही ओढली.

"उकडत असेल, बाह्या वर करा की," सासरेबुवा म्हणाले.

"नको, मला थंडी वाजतेय."

"थंडी? कपाळावर घाम आलाय तुमच्या. बघू, नाडी बघू." सासरेबुवांनी नेमका घड्याळाचाच हात धरला.

"आलोच!" म्हणत साहेबांनी हात सोडवला आणि मोरीत जाऊन कडी लावली. चौकटीत आता ठसठशीत बारा उभी होती. मागे जाणार नाहीच. म्हणजे पुन्हा अख्खा महिना! नळ सोडून साहेब जिवाच्या आकांताने चावी फिरवायला लागले.

"अहो, भात निवतोय!" बायको.

"पोट बिघडलंय का हो?" सासरेबुवा दाराशी. "ओवा देऊ?"

"नको! झालंच! एकवीस झाले!"

"एकवीस काय झाले?" बाहेरून घाबरलेला आवाज आला.

आणि पुढची तारीख उगवते तोच चावी सुटून साहेबांच्या हातात आली. काटे थांबले. संपलं सगळं. साहेबांनी कडी काढली, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात चावी, आणि खाली मान घालून म्हणाले, "बाबा, खोटं बोलवत नाही. हे कपाटात होतं. आज सकाळीच काढलं. द्या तुम्ही थोरल्यांना." बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं.

सासरेबुवांनी चावी उचलली, उजेडात धरली आणि कितीतरी वर्षांनी भेटल्यासारखी तिच्याकडे पाहून हसले.

"आली ना हातात? माझ्याही यायची."

"तुमच्या?"

"अहो, जन्मात मला या घड्याळाची तारीख लावता आली नाही. रोज प्रार्थनेनंतर पोरांना विचारायचो, 'बोला, आज तारीख किती?' पोरांना वाटायचं, सर परीक्षा घेतायत. मला खरंच माहीत नसायची."

बायको डोळे पुसता पुसता थांबली. "बाबा... म्हणजे मावशीच्या लग्नाला आपण..."

"घड्याळ बघून गेलो होतो," सासरेबुवा पुटपुटले. "कोणाला सांगू नकोस. म्हणून तर ते यांना दिलं. म्हटलं, मापं तपासणारा माणूस आहे, याला तरी जमेल. मघाशी अकरा बघून मला काय आनंद झाला होता!"

"मग थोरल्यांना का देत होतात?" साहेबांनी विचारलं.

"फार मिजास करतात. म्हटलं, बसू देत फिरवत."

"ते काही नाही, बाबा," साहेब एकदम म्हणाले आणि घड्याळ त्यांनी मुठीत घट्ट धरलं. "हे कुठेही जाणार नाही. दुरुस्त करून रोज घालीन." या वेळी ते खरंच बोलत होते.

इतक्यात सासरेबुवांचा फोन वाजला. थोरले जावईच होते.

"हो, पाहिलं ना," हेडमास्तर ताठ झाले. "रोज वापरात आहे. चोख चालतं. तारीख? म्हणजे काय, दाखवतं की! काय दाखवतंय म्हणता?"

त्यांनी फोनवर हात ठेवला आणि दबक्या आवाजात जावयाला विचारलं, "आज तारीख किती हो?"

साहेबांनी सवयीने मुठीतल्या घड्याळाकडे बघितलं.

"बावीस," ते म्हणाले.