वासूअण्णांचं ‘येतंय’

मालवणजवळ तोंडवलीला वासूअण्णांच्या घरी उतरलेल्या पाहुण्यांना निघताना एक शिक्षा भोगावी लागते. बॅगा गाडीत चढलेल्या असतात, ड्रायव्हरने गाडी चालू केलेली असते आणि पुण्याचे एखादे सद्गृहस्थ सहज बोलून जातात, “चला अण्णा, जातो आता.” झालं! अण्णा फाटकापर्यंत धावतात, गाडी थांबवतात, सगळ्या कुटुंबाला खाली उतरवतात, परत ओटीवर बसवतात आणि पाणी देतात. “आता म्हणा, येतंय.” मग सगळं कुटुंब एका सुरात ‘येतंय’ म्हणतं, तेव्हा कुठे सुटका होते. मध्यंतरी एका वकिलाने वाद घातला, तर त्याला दुसरा चहा आणि वर घावणे घ्यावे लागले.

तसं ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणं हे आपल्या सगळ्यांच्याच घरचं. आपण ते म्हणतो आणि विसरून जातो. अण्णांनी मात्र त्याचं पोलीस खातं काढलंय. “जाता तो मेलेलो. जितो माणूस येता,” हे त्यांचं कलम, आणि त्याला अपील नाही.

अशा या माणसाने उभ्या आयुष्यात ‘जातो’ हा शब्द फक्त एकदा उच्चारला. तोही इथे नव्हे, तिकडे बहारीनला, गोऱ्यांच्या एका स्पोर्ट्स बारमध्ये. शेजारच्या स्टुलावर मी बसलो होतो.

मी तिथून जवळच्याच मिठबावचा. बहारीनच्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात ड्राफ्ट्समन म्हणून तीन वर्षं होतो. अण्णा तिथे फोरमन. दुसऱ्या कुठल्या खोलीत जागा नव्हती म्हणून मला त्यांच्या खोलीत टाकलं. मी गाव सांगितल्यावर त्यांनी मला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाले, “मिठबाव? असू दे. माणसान जन्म खंय घेवचो ता माणसाच्या हातात नसता.” तेव्हापासून मी त्यांचा ‘मिठबावकर’ झालो. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला अजून खात्री नाही.

यार्डातही त्यांचं ते कलम चालायचंच. दुरुस्त झालेलं जहाज बंदराबाहेर निघालं की अण्णा धक्क्यावर उभे राहून त्याला ओरडून सांगत, “येतंय म्हण गो!” दुरुस्त केलेलं जहाज परत येणं म्हणजे आमचं काम फसणं, हे मॅनेजरने त्यांना दोनदा समजावलं. अण्णांनी दोनदा मान डोलावली आणि तिसऱ्या जहाजाला तेच सांगितलं.

घरी तोंडवलीला वैनी एकट्या. मुलगी लग्न होऊन गेलेली. घर बांधून झालं होतं, विहिरीवर पंप बसला होता, आणखी कमवावं असं काही राहिलं नव्हतं. दर वर्षी सुट्टीहून परतले की अण्णा ट्रंक पलंगाखाली सरकवत आणि जाहीर करत, “ह्या वर्साक शेवटचा, मिठबावकरा.” जुने लोक मला सांगत, ही घोषणा ते सात वर्षं ऐकतायत. वैनी फोनवर कधी ‘कधी येतास?’ असं विचारत नसत. विचारून विचारून माणूस दमतो.

शुक्रवारी सुट्टी. माझ्या पहिल्याच शुक्रवारी दुपारी अण्णांनी इस्त्रीचा शर्ट चढवला, डोक्याला तेल लावलं आणि म्हणाले, “चल, तुका बार दाखवतंय.” मी चाट पडलो, कारण अण्णा थेंबाला शिवत नसत.

एका हॉटेलच्या तळमजल्यावर तो बार होता. आत डिसेंबरातल्या पहाटेसारखा गारठा, भिंतीवर नऊ टीव्ही, प्रत्येकावर वेगळा खेळ, आणि बादलीएवढे ग्लास घेऊन बसलेले गोरे इंजिनियर. कोण कुणाचं ऐकत नव्हतं आणि सगळे ओरडत होते. काउंटरच्या टोकाला एका स्टुलासमोर ‘रिझर्व्ह्ड’ अशी पाटी होती. अण्णा सरळ जाऊन तिथेच बसले. बारमनने पाटी उचलली आणि न विचारता सोड्याचा ग्लास पुढे केला. अण्णांनी खिशातून कोकमाच्या रसाची, आगळाची, छोटी बाटली काढली, सोड्यात दोन झाकणं ओतली, चिमूटभर मीठ टाकलं आणि एक घोट घेऊन डोळे मिटले.

“अण्णा, पिवचा नाय तर हयसर येतास कित्याक?” मी विचारलं.

“आवाजाक,” ते म्हणाले. “खोलीत कसलो आवाज? त्या एसीचो. हयसर कसा, आरडओरड असता. जत्रेत बसल्यासारख्या वाटता.”

खाण्यात त्यांचा नेम एकच, फिश अँड चिप्स. आणि दर शुक्रवारी त्या माशाची नव्याने चौकशी. “हेका मासो म्हणतत? तोंड खंय? शेपटी खंय? डोळे बघल्याशिवाय ताजो काय शिळो ता कसा कळतला?” मग खिशातून मसाल्याची पुडी निघायची, आणि मासा लालभडक झाला की पोटात जायचा.

फुटबॉलचे नियम त्यांना ठाऊक नव्हते, पण ऑफसाइड मात्र त्यांच्याइतका कुणालाच कळला नव्हता. ज्या जिल्ह्यात बांधावरच्या वीतभर दगडी गडग्यासाठी सख्खे भाऊ वीस वर्षं कोर्टात जातात, तिथल्या माणसाला ऑफसाइड काय शिकवायचा? “सोपा आसा,” ते मला म्हणाले. “घराचो धनी समोर नसताना गडग्यापलीकडे जावन उभो रवलंस, की ती घुसखोरी. मगे तू आंबो काढ नायतर गोल मार, तो तुजो नाय.” शेजारच्या इंग्रजाला मी हे भाषांतर करून सांगितलं. तो बराच वेळ विचारात पडला आणि म्हणाला, चाळीस वर्षांत इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

निघताना तोच इंग्रज ‘बाय’ म्हणाला, तर अण्णांनी मागे वळून पाहिलं. आमच्याकडे बाय म्हणजे लेक किंवा बहीण. “हो खंयची बाय शोधतासा?” त्यांनी मला हळूच विचारलं.

पण खरी मजा पेनल्टीच्या वेळी. खेळाडू चेंडू ठेवायला लागला की अण्णा स्टुलावरून उतरत, हात जोडत आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घालत, अगदी गावच्या देवळात घालावं तसं. “बा देवा म्हाराजा! आज ह्या परमुलखात, ह्या थंडगार खोलीत, तुजी लेकरा जमली आसत म्हाराजा!” आणि सगळा बार, स्कॉटिश वेल्डरपासून जर्मन सर्व्हेयरपर्यंत, एका आवाजात ओरडायचा, “व्हय म्हाराजा!” “त्या लाल सदऱ्यावाल्याच्या पायात बळ दी रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!” “आणि त्या गोलकीवाल्याक वायच शिंक येवंदे रे म्हाराजा!” “व्हय म्हाराजा!”

शुक्रवारी दुपारी बहुतेक वेळा जुनीच मॅच परत दाखवत. निकाल सगळ्यांना पाठ असायचा. मी एकदा तसं म्हणालो, तर अण्णांनी मला गप्प केलं. “देवाक खंय म्हायत, मॅच शिळी आसा ती?”

त्या बारमनचं नाव जोएल. फिलिपिन्सचा, चाळिशीचा, शांत. तो इंग्रजी बोलायचा, अण्णा मालवणीत इंग्रजी मिसळायचे आणि मध्ये मी. एकदा अण्णा हात धुवायला गेले असताना मी त्याला त्या पाटीबद्दल विचारलं.

जोएल म्हणाला, “अकरा वर्षांपूर्वी हा माणूस पहिल्यांदा आला. अर्धं खाऊन उठला आणि मला म्हणाला, आय ॲम कमिंग. मला वाटलं, आलाच पाच मिनिटांत. मी त्याची प्लेट झाकून ठेवली. गर्दी होती, तरी स्टूल कुणाला दिलं नाही. बार बंद होईपर्यंत ठेवलं. तो नाही आला. पुढच्या शुक्रवारी आला, खाल्लं, आणि परत आय ॲम कमिंग. मी परत ठेवलं. तिसऱ्या वेळेस म्हटलं, येतो म्हणतो आणि शुक्रवारी येतो खरा. मग ही पाटीच करून घेतली.”

मी इतका हसलो की आगळाचा सोडा नाकात गेला. मी त्याला समजावलं की बाबा रे, आमच्याकडे जाताना येतो म्हणायची रीत आहे. ‘आय ॲम कमिंग’ म्हणजे चाललो.

जोएल काही हसला नाही. अण्णा परत आल्यावर तो त्यांना म्हणाला, “अकरा वर्षं तू मला गुडबाय म्हणत होतास?”

अण्णा गडबडले. “नो, नो! नो गुडबाय! कमिंग इज कमिंग.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सांग तेका. येतंय म्हणजे येतंय. येवचा ता नक्की. कधी, ता सांगूचा नसता, इतक्याच.”

मी सांगितलं. जोएलने हातातला ग्लास पुसून उलटा ठेवला आणि विचारलं, “मग बायकोलाही हेच सांगून निघतोस? ती किती दिवस प्लेट झाकून ठेवते?”

त्याने टोमणा मारला नव्हता. प्लेट झाकून ठेवणाऱ्या माणसाने प्लेट झाकून ठेवणाऱ्या दुसऱ्या माणसाची चौकशी करावी, तसं त्याने विचारलं होतं. अण्णा हसले. “शी माय वाइफ. शी अंडरस्टँड मराठी गुड.” आम्ही सगळेच हसलो. पण त्या दिवशी अण्णांनी मासा तसाच ठेवला आणि मसाल्याची पुडी खिशातून काढलीच नाही.

बाहेर पार्किंगमध्ये येऊन त्यांनी घरी फोन लावला. अण्णा फोन नेहमी होडीतल्या माणसाला हाक मारल्यासारखा धरतात, स्पीकर चालू करून, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

“काय गो, मी सुट्टीहून निघालंय की तू माझा ताट वाढून ठेवतंस?”

“ह्या काय विचारतास? बरा आसा ना तुमका?”

“बरा आसा. सांग तू.”

वैनी म्हणाल्या, “मुद्दाम नाय ठेवणंय. पयले आठ दीस हात आपसूक दोन ताटा घेता. मगे एक परत ठेवतंय. नवव्या दिसापासून घेणा नाय.” आणि पुढे, “तुमी येतंय म्हणान गेलास ना? हाताक काय कळता, कधी ता.”

“बरा, बरा. ठेव,” अण्णा म्हणाले. खोलीपर्यंत आम्ही चालत आलो. वाटेत त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. आठ दिवस गुणिले किती सुट्ट्या, याचा हिशेब असावा, कारण शेवटी त्यांनी बोटं सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी यार्डाच्या ऑफिसात राजीनामा दिला. मॅनेजरला ती नेहमीची घोषणा वाटली. तो म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. अण्णा तिथेच खुर्चीत बसून राहिले आणि सही होईपर्यंत उठले नाहीत.

शेवटच्या शुक्रवारी बारमध्ये गर्दी होती. अण्णांनी सोडा प्यायला, मासा चौकशीसकट खाल्ला, एका शिळ्या मॅचला ताजं गाऱ्हाणं घातलं. उरलेलं आगळ त्यांनी बाटलीसकट जोएलला दिलं आणि आठवड्याला दोनच झाकणं, असं बजावलं. मग ते स्टुलावरून उतरले. जोएलचा हात सवयीने पाटीकडे गेला.

अण्णांनी पाटीवर आपला हात ठेवला.

“नो, जोएल.”

मला वाटलं, नेहमीचं कलम येणार. साठीचा माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांना फाटकातून परत बोलावणारा. कपाळावर घाम आला होता, त्या गारठ्यातसुद्धा.

“आय ॲम,” ते म्हणाले आणि अडले. मग एका दमात म्हणाले, “आय ॲम गोइंग.”

‘कमिंग’ म्हटलं असतं तर जोएलने त्या स्टुलावर कुणाला बसू दिलं नसतं. अण्णांना ते ठाऊक होतं. घरी एक माणूस आपली प्लेट झाकून बसलेला आहे हे कळायला त्यांना फार वर्षं लागली होती. दुसरा तसाच मागे ठेवून निघायची त्यांची तयारी नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला नऊ टीव्ही होते म्हणून बरं.

जोएलने पाटी उचलून काउंटरच्या खाली ठेवली. आमच्या भाषेतले त्याला दोनच शब्द येत होते. ते त्याने हळूच म्हटले.

“व्हय म्हाराजा.”

टॅक्सीत अण्णा खिडकीबाहेर बघत बसले. “जीब जड झाली रे मिठबावकरा,” एवढंच म्हणाले. मग त्यांनी फोन काढून घरी लावला, स्पीकर चालू करून, होडीला हाक मारल्यासारखा.

“येतंय गो!”

“कधी?” वैनींनी कित्येक वर्षांनी विचारलं.

“सोमवारी. सांजचो.”

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. “ताट वाढू मगे?”

“वाढ,” अण्णा म्हणाले. “आणि ह्या खेपेक परत ठेवू नको.”