आतून वाजवलेला सोलो

सोलोची तालीम बाथरूममध्ये करायची, एवढाच काय तो निर्णय तडतड्याने त्या रविवारी सकाळी घेतला. त्यात वावगं काहीच नव्हतं. बाथरूममध्ये आवाज घुमतो, आणि घुमला की कोणाचंही काहीही खोल वाटतं. (काकांचं खाकरणंसुद्धा तिथे विद्वत्तेचं वाटायचं.)

तडतड्या हे नाव त्याच्या वाजवण्यावरून पडलेलं. तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब उडावेत तशी त्याची बोटं गिटारवर पळायची. एका मिनिटात किती सूर बसतात हे तो मोजायचा. कशाला, हे कोणी विचारलं नव्हतं. विचारलं ते गेल्या आठवड्यात, ज्या बँडमध्ये त्याला शिरायचं होतं त्याच्या म्होरक्याने. हा म्होरक्या दिवसा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा आणि संध्याकाळी ड्रम बडवायचा. त्याने सगळा सोलो ऐकला, कानात करंगळी घालून हलवली आणि म्हणाला, "बोटं झकास पळतायत. पण सांगतोयस काय? रविवारी अकराला परत ये, आणि काहीतरी सांग."

अकराला पोचणं भागच होतं. घरात तह झाला होता. बँडने घेतलं, तर वर्षभर कोणी कॉलेजचं नाव काढायचं नाही. नाही घेतलं, तर सोडलेल्या कॉलेजात सोमवारी काकांचं बोट धरून परत फॉर्म भरायचा. काका निवृत्त मुख्याध्यापक. म्हणजे नोकरीतून निवृत्त. मुख्याध्यापकपणातून त्यांना निवृत्त करील असा माईचा लाल अजून जन्माला यायचाय.

नऊ वाजता तडतड्या गिटार घेऊन आत गेला, दार लावलं. साडेनऊला बाहेर निघाला, तर लॅचची मूठ हातात आली. लॅच होता तिथेच राहिला.

ती मूठ सहा महिने लुळी पडली होती. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. अख्ख्या शहराला त्यांनी वर-खाली केलं असेल, पण घरातला एक स्क्रू "बघतो रे" एवढ्या दोन शब्दांवर लटकत ठेवला होता. मोठ्या माणसांची कर्तबगारी ही अशी. नेहमी लोकांच्या घरी.

"आई!" तडतड्या ओरडला. "आईऽऽ! ताईऽऽ!"

स्वयंपाकघरात मिक्सर फिरत होता. तो थांबल्यावर आईचं बोलणं ऐकू आलं. "आज गाणंपण आहे वाटतं."

"असू दे गं," ताई म्हणाली. "गिटारपेक्षा बरंय." आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवला.

मोबाइल बाहेर चार्जिंगला होता. दहाच्या सुमारास दारावर थाप पडली. काका.

"किती वेळ रे?"

"काका, मी अडकलोय!"

"तेच तर मी दोन वर्षं सांगतोय!" काकांचा आवाज एकदम उजळला. "अडकलायसच तू. धड इकडचा ना तिकडचा. पण स्वतःच्या तोंडाने कबूल केलंस, बरं वाटलं."

"अहो, खरंच अडकलोय! हे दार..."

"दारं सगळी उघडीच असतात, बाळा. पाऊल आपण टाकायचं असतं."

पुढची दहा मिनिटं काकांनी दाराला उपदेश केला. शेवटी निसर्गानेच प्रवचन आवरतं घेतलं आणि काका लगबगीने शेजाऱ्यांच्या बाथरूमकडे निघाले. जाताना आईला बजावून गेले, "पोरगं आत विचार करतंय. कोणी त्रास देऊ नका."

झालं. होती नव्हती ती वाटही काका बंद करून गेले.

तडतड्याने संतापाने गिटार उचलली आणि असं काही वाजवलं की बोटं सोलवटली. वरच्या मजल्यावरून कोणीतरी काठी आपटली. एवढीच काय ती दाद. सव्वादहा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. (नळाचं नव्हे.) दाखवायला कोणी नव्हतं आणि दाखवण्यासारखं काही उरलंही नव्हतं. त्याने नुसते तीन सूर छेडले. थांबला. दाराला कान लावला. परत तेच तीन सूर, जरा हळू. परत कान लावला.

बाहेर पेपरमागे बाबा बसले होते. पेपर खाली आला.

"अगं, तो अडकलाय."

"कशावरून? वाजवतोय तर."

बाबा उत्तर द्यायला थांबले नाहीत. स्क्रूड्रायव्हर घेऊन आले, बाहेरून मूठ उतरवली आणि दोन मिनिटांत दार उघडलं. आत चिरंजीव टबाच्या काठावर, गिटार पोटाशी धरून.

"तुम्हाला कसं कळलं?"

"तीस वर्षं बंद पडलेल्या लिफ्टच्या बाहेर उभा राहिलोय मी," बाबा म्हणाले. "मस्ती करणारं कार्टं सलग बडवत सुटतं. खरा अडकलेला माणूस ठोकतो, थांबतो, बाहेर कोणी आहे का ऐकतो. तू आज पहिल्यांदाच थांबलास."

"पहिल्यांदा? म्हणजे तुम्ही रोज ऐकता?"

"दुसरं करतो काय? रोज ऐकतो."

या माणसाला आपल्यात काडीचा रस नाही, असं तडतड्याने पक्कं ठरवून टाकलं होतं. त्यावर रागाचे चांगले तीन-चार मजले चढवले होते. ते सगळे एका वाक्यात खाली बसले. मुठीबद्दल चार शब्द सुनावायचे होते, तेही राहिले. आभार मानायची या घरात पद्धत नव्हती, म्हणून तो म्हणाला, "स्कूटरवरून सोडता?"

बाबांनी बनियनवरच शर्ट चढवला.

अकराला दोन मिनिटं असताना तडतड्या म्होरक्यासमोर उभा राहिला. तीन सूर वाजवले आणि थांबला. समोर कोणी आहे का, ते कान देऊन ऐकलं. खोली चिडीचूप. आता पुढचा सूर लावणार, तोच म्होरक्याने हात वर केला.

"बास."

"अहो, ही नुसती सुरुवात आहे!"

"म्हणूनच बास म्हटलं. घेतला तुला. हे असंच वाजवायचं, एका गाण्याच्या मधोमध. याच्यापुढे एक सूरही नाही."

पहिल्या कार्यक्रमाला अख्खं घर पुढच्या रांगेत होतं. काकासुद्धा, हाताची घडी घालून. ते गाणं आलं. तीन सूर वाजले आणि सगळा बँड गप्प झाला. बाबांनी शेजारच्या अनोळखी गृहस्थांना कोपराने ढोसलं आणि कधी नव्हे एवढ्या अभिमानाने कुजबुजले,

"आता जे काही वाजत नाहीये ना, ते आमचा मुलगा वाजवतोय."