जमादारनीचं नाव

आमच्या मजल्यावर पिझ्झा कधीच गरम पोचत नाही. लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्याला समोरच्या तायडेबाई आधी अडवतात. "नाव काय रे तुझं? आडनाव नको, नाव सांग." कुरिअरवाला, प्लंबर, एसीवाला, कुणाची सुटका नाही. "ओटीपी द्या ना आंटी," म्हणत तो काकुळतीला येतो. "देते. नाव?"

बाई मालाडच्या शाळेत मराठी शिकवायच्या. त्याच इमारतीत उर्दूचे वर्ग भरत. मधल्या सुट्टीत तिथल्या शिक्षिकेकडून त्या उर्दू शिकल्या आणि निवृत्त झाल्यावर उर्दू कथांचं मराठी करायला बसल्या. तेव्हापासून आमची वाट लागली. "माणूस कसा उभा केलाय बघ! नुसता खोकला तरी कळतं, कुठल्या गल्लीतला आहे," हे त्या मला जिन्यात ऐकवतात, तेव्हा माझ्या हातातली दुधाची पिशवी गळत असते.

सहा वर्षांनी पुस्तक तयार झालं आणि शेवटच्या कथेवर अडलं. त्या कथेत चोरीचा आळ येतो झाडूवालीवर. सावकाराला नाव आहे, टांगेवाल्याला आहे, शेळीलासुद्धा आहे. हिला नुसतं 'जमादारनी'.

"लेखक वास्तववादी म्हणे! मग हिचं नाव विचारायला काय झालं होतं?" बाई उसळल्या. प्रकाशकानं फोनवर निक्षून सांगितलं, मुळात नाही ते घालायचं नाही, नाहीतर पुस्तक थांबेल. बाईंनी उलट त्यालाच सुनावलं, नावाशिवाय कथा मिळणार नाही. यात दोन महिने गेले.

"ठेवा की काहीतरी. लक्ष्मी, शांता," मी म्हटलं.

"कुणीही नाव ठेवायला ती काय मांजर आहे?"

मग आवाज उतरला. त्यांची आई घाटकोपरला एका बिल्डिंगचे जिने झाडायची. अठरा वर्षं सगळे तिला 'ए बाई' म्हणत. कुणाची तरी अंगठी हरवली, आळ हिच्यावर आला, तेव्हा पोलिसांना तिचं नावही कुणाला सांगता येईना. मला लाज वाटली. आमचा जिना झाडणाऱ्या बाईंचं नाव मला तरी कुठे ठाऊक होतं?

"मग आईचंच नाव द्या," मी म्हटलं.

"नको. तिच्यावर एकदा आळ आला तेवढा पुरे."

त्यांनी कागद पुढे ओढले, पहिल्या 'जमादारनी'पुढे ठळक अक्षरात 'सुमन' लिहिलं आणि खाली तळटीप दिली: हे नाव अनुवादिकेचं स्वतःचं.

"प्रकाशक ऐकेल?"

"नाही ऐकलं तर दुसरा बघेन. येऊ दे आळ माझ्यावर. आई गप्प बसली होती, मी नाही बसणार."