शेजारची सीट

मला कुणी फसवू शकत नाही! म्हणूनच स्पोर्ट्स कार घ्यायची ठरवली तेव्हा जुन्या गाड्यांच्या बाजाराची पायरीसुद्धा चढलो नाही. थेट सख्ख्या थोरल्या भावाची घेतली. लाल, दोन सीटची, आणि इतकी बुटकी की बसताना जमिनीला टेकल्यासारखं वाटावं!

"कागद नावावर कशाला करायचे? आपण काय परके आहोत?" दादा म्हणाला. माझे डोळे भरून आले.

पहिल्याच आठवड्यात हॉर्न दाबला की वायपर फिरू लागले. दुसऱ्या आठवड्यात काच खाली गेली ती गेलीच. चढावर गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकायची आणि मागचे लोक माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे.

"भाऊजींनी गाडी विकली, की घरातून पीडा काढली?" बायको म्हणाली.

"तुला भरताच्या बंधुप्रेमातही खोट दिसेल!" मी तिलाच झापलं.

चौथ्या महिन्यात गाडी भर चौकात बसली. बायकोला सोबत घेऊन ती ओढत सर्व्हिस सेंटरला नेली. काउंटरवरच्या बाईंनी नंबर टाकला.

"ब्रेकची नळी, इंधनाचा पंप..."

मला वाटलं, संपलं. तो नुसता पूर्वरंग होता!

"...आणि शेजारच्या सीटची एअरबॅग. ती उघडताना लोखंडाचे तुकडे थेट तोंडावर उडतात. कंपनीने या सगळ्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्यात. मालकांना तीन पत्रं गेली, पोचल्याच्या सह्या आहेत."

बायकोने स्वतःच्या गालाला हात लावला. चार महिने त्या सीटवर तीच बसत होती.

"दादाने पाकिटं फोडलीच नसतील गं! थांब, तुझ्यासमोरच विचारतो." मी फोन स्पीकरवर टाकला. "दादा, कंपनीची पत्रं आली होती का रे?"

"आली ना! वाचून काळजात धस्स झालं. तुझ्या वहिनीला त्या दिवसापासून गाडीत बसूच दिलं नाही!"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"अरे, तू चालवतोस ना? ड्रायव्हरच्या बाजूला काही नाहीये, मी नीट वाचलंय! तुला धोका असता तर दिली असती का? सख्खा भाऊ आहेस माझा!"

काउंटरवरच्या बाई उगाचच कीबोर्ड बडवू लागल्या.

"बघ," मी क्षीण आवाजात म्हणालो, "माझी काळजी आहे त्याला."

बायको पर्स उचलून बस स्टॉपकडे चालू लागली. मी मागे पायीच धावलो. खोटं कशाला सांगू, गाडी त्यांनी ठेवून घेतली होती; नाहीतर सवयीने "चल, बस" म्हणून दार उघडलं असतं!