म्हाकू आप्पांची वाघर

म्हाकू आप्पा रोज दिवस मावळायला कोंबड्यांभोवती मेंढरांची जाळी लावायचे, आणि कोंबड्या त्या जाळीच्या भोकांतून बाहेर येऊन त्यांचं काम बघत उभ्या राहायच्या.

मेंढरं कोंडायच्या त्या जाळीला वाघर म्हणतात. आप्पांची सगळी हयात मेंढरांमागं गेली. पोरगा बाळू कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात लागला, त्यानं तळेगाव ढमढेऱ्याच्या अलीकडं आमच्या शेजारी स्लॅबचं घर बांधलं आणि मेंढरं विकली. वाघर मात्र कुणी घेईना. मग घरच्या दहा-बारा गावठी कोंबड्या आप्पांच्या वाट्याला आल्या, आणि अख्खा कळप मावेल एवढी वाघर कोंबड्यांच्या वाट्याला. आप्पा थोडी लावायचे, बाकीची गुंडाळून खुंटीला टांगायचे.

मी एकदा म्हणालो, "आप्पा, ह्यातून कोंबडी पिल्लांना घेऊन वरातीनं जाईल."

"जाळी जनावराला नसती, कालिज. जनावराच्या मनाला असती."

कालिज म्हणजे मी. आमच्या घरातला पहिला पदवीधर. शिरूरच्या कॉलेजात एस.टी.नं हेलपाटे घालून बी.कॉम. झालो, आणि त्याचा मला अभिमान आहे, उगाच लाजत नाही. पण वस्तीवर पदवीचा उपयोग एवढाच, की विजेचं बिल येवो नाहीतर मुंगूस येवो, हाक मलाच. दिवसभर ऑफिसात हिशेब जुळवून घरी यावं, बूट काढायला वाकावं, की कुंपणापलीकडून आवाज, "कालिज, मोजायला ये."

मोजणी रोज व्हायची. आप्पा काठीचं टोक एकेकीकडं करत पुटपुटायचे. निम्म्यावर येईपर्यंत एखादी पलीकडच्या भोकातून बाहेर. पुन्हा पहिल्यापासून. एकदाचा मेळ बसला, की आप्पा म्हणायचे, "भरला वाडा," आणि वाघरीची शेवटची गाठ मारायचे. वाडा म्हणजे वाघरीतला कळप; तो भरल्याशिवाय जेवण नाही, हा मेंढपाळाचा नेम. त्यांची सून सुनंदा भाकरी झाकून वाट बघत बसायची. गाठ बसली, की सगळ्या कोंबड्या निवांत बाहेर पडून शेवग्यावर झोपायला जायच्या. वाघरीच्या आत बाजेवर उरायचे ते एकटे आप्पा.

शत्रूंची नावं ते घेत नसत. मुंगूस म्हणजे 'पाव्हणा'. घार म्हणजे 'वरची'. घारीला पिल्लं ओळखू येऊ नयेत म्हणून एकदा त्यांनी मेंढरांवर खूण करायचा तांबडा रंग सगळ्या पिल्लांना फासला. वरचीनं त्यातली दोन त्याच दुपारी उचलली. "रंग आवडला असंल," आप्पा म्हणाले, आणि उरलेली पिल्लं महिनाभर कुंकवाच्या करंड्यासारखी अंगणात हिंडत राहिली.

चेष्टा तिथवरच होती. मग कालव्याच्या पाण्यावर दोन्ही अंगांना ऊस वाढला आणि उसात बिबट्या आला. त्याला आप्पा 'मोठं' म्हणायचे. त्या मोठ्यानं आप्पांचा कुत्रा अंगणातून, बाजेच्या उशापासून नेला. पाठोपाठ शेवग्यावरची एक तलंग, नुकती वयात आलेली कोंबडीही गेली.

बाळू त्या दिवशी कामावर गेला नाही. माझ्यासमोरच म्हणाला, "कोंबड्यांपायी बाप घालवू का मी? आता एक जरी गेली, तर सगळ्या बाजारात. आन् तुम्ही आत, फॅनखाली."

आप्पा काठीनं माती उकरू लागले. "स्लॅबखाली कोंबडीगत डालग्यात झाकल्यावानी वाटतं रं."

"मग वाटू द्या."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी मला हाक मारली नाही. स्वतः दाराशी आले, पायरीखालीच उभे राहिले. "तुझ्या पुस्तकात काय असंल तर सांग. कोंबड्या ऱ्हायल्या पायजेत."

पुस्तकात काही नव्हतं, पण शिक्रापूरच्या दुकानात बारीक भोकांची वेल्डिंग जाळी होती. गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते. मी रजा टाकली, आणि बाळूनं आणि मी मिळून लोखंडी खुराडं उभं केलं. पत्र्याचं छत, दाराला जाड कडी. पाव्हणा आला, बाहेरून हुंगून गेला. महिना गेला तरी पीस हललं नाही. मोठं उसातच राहिलं.

मग बाळू म्हणाला, "कोंबड्या कडीकुलपात हायेत. आता राखायचं काय ऱ्हायलं?"

आप्पांनी आपली बाज आपणच उचलली आणि आत नेली.

माझ्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या. बूट निवांत निघू लागले. आप्पा पायरीवर बसलेले असायचे, काठी आडवी मांडीवर. एकदा मीच विचारलं, मोजायचं नाही का? "डब्यात भरलेलं काय मोजायचं," म्हणाले. जेवण कमी झालं होतं, सुनंदा सांगत होती.

आणि एका संध्याकाळी कामावरून येतो तो आप्पांनी सगळी वाघर सोडलेली. शेवग्यापासून निघून न्हाणीमागून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून पुन्हा शेवग्यापर्यंत. अख्ख्या घराभोवती. सुनंदा ओट्यावर कपाळाला हात लावून उभी. "बघा ना भाऊजी. लोक म्हणतील, ह्यांच्यात मेंढरं हायेत का माणसं."

आप्पा वाघरीचं टोक धरून उभे होते. काठी सुनंदाकडं गेली, मग दोन्ही नातवंडांकडं. पुटपुटले आणि थांबले. "एक बाहेर हाय."

दिवस मावळता कंपनीची गाडी हमरस्त्याला थांबली. बाळू उसाच्या कडेनं चालत आला, डबा हातात, ओव्हरटाइमनं मान खाली गेलेली. वाघर बघून जागीच थांबला. आता हा बोलणार, असं मला वाटलं. आप्पांच्या हातातली काठी त्याच्यावर रोखलेली होती.

बाळूनं डबा काखेत धरला, दोन्ही हातांनी वाघर उचलली आणि वाकून आत आला.

"भरला वाडा," आप्पा म्हणाले, आणि शेवग्याला गाठ मारायला वळले.

बाळू तसाच घरात गेला. बाज बाहेर काढून त्यानं ओट्यावर, भिंतीच्या कडेला टाकली.

"अंगणात न्हाई हां आप्पा," तो म्हणाला. "हितंच."

"व्हय," आप्पा म्हणाले. "हितून समदी दिसत्याती."