मागच्या मिशा

आमच्या शेजारचे भास्करराव झुरळ दिसलं की चप्पल शोधत नसत, चुलीची फुंकणी शोधत. मग जमिनीवर पालथे पडून झुरळाच्या मागून अलगद फुंकर मारत. ते पळालं की शाळेत पहिला नंबर आल्यासारखे ओरडत, "बघितलंत? मागून कळलं!"

पिंपरीला औषधाचा कारखाना नवीनच निघाला होता. भास्करराव चिंचवडहून सायकलवर तिथं कामाला जात.

"वहिनी, पुढच्या मिशा सगळ्यांना दिसतात," ते मला सांगत. "पण बुडाशी दोन आखूड टोकं असतात, त्या मागच्या मिशा. त्यांवर बारीक लव असते. तुमच्या चपलेआधी तिचा वारा पोचतो!"

मला रविवारी गाद्या उन्हात टाकायच्या, डबे घासायचे, झुरळं संपवायची. मी म्हटलं, "मिशा राहू द्या. मारायचं कसं ते सांगा."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी एका जुन्या चपलेला तापल्या खिळ्यानं भोकं पाडून दिली. वारा भोकांतून जाई, नेम अचूक बसे. ती चप्पल साऱ्या आळीत फिरली. स्वतः मात्र त्यांनी एकही झुरळ मारलं नाही. "गुरूला कोण मारतं, वहिनी?"

झुरळाकडून हा माणूस काय शिकतो, म्हणून आम्ही बायका खूप हसायचो.

त्यांच्या बायकोला, सुमनला, टायफॉइडनंतर ऐकू येईनासं झालं होतं. मागून कुणी आलं की ती दचके. एकदा भास्कररावांनीच खांद्याला हात लावला आणि उकळतं दूध तिच्या हातावर सांडलं. तेव्हापासून ते घरात खेकड्यासारखे भिंतीकडेनं सरकत तिच्या समोर जात. पण चूल भिंतीला लागून, तिथं बसलं की सुमनचं तोंड भिंतीकडे. तिथं समोरून जायचं कसं?

एका संध्याकाळी मी चप्पल परत द्यायला गेले. सुमन आमटी ढवळत होती, दाराकडे पाठ. भास्करराव नुकतेच कामावरून आलेले, उंबऱ्यात उकिडवे बसलेले, ओठाला फुंकणी.

"अहो, आता कुठंय झुरळ?"

त्यांनी हातानंच मला थांबवलं आणि फुंकर मारली. अगदी हलकी. सुमनच्या मानेवरचे मोकळे केस हलले. ती दचकली नाही. पळी तशीच फिरत राहिली. मागे वळून न बघता ती हसली आणि डाव्या हातानं शेजारचा पाट पुढे ओढला.

भास्कररावांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी मात्र ते ओरडले नाहीत.