अधीक्षकांचा समुद्र आणि त्यावरची देखरेख

देखरेख शाखेचे अधीक्षक रोज सकाळी चहाच्या आधी घरातल्या समुद्रात बोट बुडवून पाहत. त्या दिवशी समुद्र गरम लागला.

समुद्र बैठकीच्या खोलीत, सोफ्यासमोर होता. चांगली लांबरुंद काचेची टाकी, तिच्यात खारं पाणी, खडकांचे तुकडे, खडकांवर मुंगीच्या पावलांनी वाढणारी जिवंत प्रवाळं, आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेलं माशांचं एक जोडपं. प्रवाळांचे नखाएवढे कोंब तळहाताएवढे व्हायला अधीक्षकांची दोन बढत्यांमधली सगळी वर्षं गेली होती. "बाबा आमच्याशी बोलत नाहीत एवढं माशांशी बोलतात," असं मुलगी म्हणायची. ते खरं होतं. मासे उलट उत्तर देत नसत.

पाणी गरम झालं होतं, कारण ते ठरावीक उबेवर ठेवणारा हीटर बंद व्हायचं विसरला होता. प्रवाळं अंग चोरून बसली होती. अधीक्षकांनी प्लग काढला, पाण्यात बर्फाच्या पिशव्या सोडल्या आणि बिघडलेला हीटर घेऊन दुकान गाठलं.

"हा बदलून द्या," ते म्हणाले.

दुकानदाराने हीटरकडे पाहिलंसुद्धा नाही. "देतो की साहेब. पण एक सांगू? हीटर आपणहून बिघडत नसतो. त्याच्यावर लक्ष ठेवायला कोणी नसतं, म्हणून तो वाया जातो."

अधीक्षकांचा ऊर भरून आला. हेच वाक्य ते कार्यालयातल्या प्रत्येक बैठकीत मांडत आले होते आणि आजवर कोणी त्यावर साधी मान हलवली नव्हती. त्यांनी नवा हीटर घेतला आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला एक नियंत्रकही घेतला. नियंत्रक ही एक काळी पेटी होती. पाण्यात सोडलेल्या कांडीने ती तापमान मोजायची आणि पाणी पुरेसं तापलं की हीटरची वीज तोडायची.

काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग कांडीला धरून ठेवणारी रबराची चकती निसटली आणि कांडी टाकीबाहेर लोंबकळू लागली. खोलीतली हवा मोजून नियंत्रकाने समुद्र गारठल्याचा निष्कर्ष काढला व हीटरला अखंड काम करण्याचे आदेश दिले. पुन्हा बर्फ आला.

"अहो, ती चकती जरा घट्ट बसवा ना," बायको म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळे तिला सोपे उपाय सुचण्याची खोड होती.

"प्रश्न चकतीचा नाही," अधीक्षक म्हणाले. "एका कांडीच्या शब्दावर विश्वास ठेवला, ही व्यवस्थेची चूक आहे."

दुसरी कांडी आली. तिचं पहिलीशी पटेना. दोन अधिकाऱ्यांत मतभेद झाले की वर तिसरा नेमायचा, ही कार्यालयातली रूढ पद्धत. तिला अनुसरून तिसरी कांडी आली आणि समुद्राचं तापमान बहुमताने ठरू लागलं. त्यातल्या दोघी हीटरला खेटून होत्या. तिसरी एकटी प्रवाळांपाशी होती आणि पाणी थंड आहे, असं सतत सांगत होती. तिचं म्हणणं विसंगत म्हणून बाजूला ठेवण्यात आलं. थंडीने कुडकुडणारं माशांचं जोडपं हीटरच्या बाजूला राहायला गेलं, म्हणजे पर्यायाने बहुमतात सामील झालं.

शेवटी एका रविवारी अधीक्षकांनी कांड्यांच्या जागा बदलल्या. तापमानाचा प्रश्न मिटला. त्या आनंदात ते आठवडाभर शीळ घालत फिरत होते, तेवढ्यात पाणी भरायच्या पंपाने डोकं वर काढलं.

टाकीतलं पाणी उडून जातं, तेवढं रोज भरावं लागतं. पातळी खाली गेली की तरंगता स्विच पंप सुरू करतो आणि पाणी वर आलं की बंद करतो. त्या स्विचवर एक गोगलगाय येऊन बसली. तिच्या वजनाने स्विच वर येईना, पंप थांबेना, आणि समुद्राने मर्यादा सोडली. खालच्या मजल्यावरच्या मावशी छत्री उघडूनच वर आल्या.

"तुमच्याकडे भरती आली वाटतं," त्या म्हणाल्या. "माझ्या पलंगावर ओहोटी चालू आहे."

अधीक्षकांनी क्षमा मागितली आणि दुकान गाठलं. स्विचला जाळीचं टोपण घाला, असा मावशींचा सल्ला होता. दुकानदाराने तो हसण्यावारी नेला आणि गळतीरक्षक काढून दाखवला. ही एक चपटी पट्टी होती. ती जमिनीवर ठेवायची. जमिनीला ओल लागली की ती टाकीचे सगळे पंप एका झटक्यात बंद करणार आणि घरातल्या प्रत्येक मोबाइलवर इशारा पाठवणार.

"आणि इंटरनेट बंद पडलं तर?" अधीक्षकांनी विचारलं. ते काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

दुकानदाराने आदराने त्यांच्याकडे पाहिलं आणि इंटरनेटच्या डबीला जोडायची बॅटरी काढली. मग बॅटरी उतरली तरी आणि गळती झाली तरी ओरडणारा भोंगा काढला.

आता टाकीच्या मागे वायरींचं असं जंगल माजलं की माशांपेक्षा तेच जास्त जिवंत दिसू लागलं. एकाच बोर्डावर एवढा भार पडल्यावर घरातली वीज वरचेवर जाऊ लागली. इलेक्ट्रिशियन आला, त्याने वायरी पाहिल्या आणि चप्पल न काढताच म्हणाला, "साहेब, घर चालवताय की रुग्णालय?" टाकी आणि फ्रिज यांतलं एकच चालेल, असं त्याने सांगितलं. फ्रिज स्वयंपाकघरातून मावशींच्या घरी गेला. मुलगी दुधासाठी जिना चढउतर करू लागली. अधीक्षकांच्या मते तिला व्यायामाची गरज होतीच.

गळतीरक्षकाला सांडलेला समुद्र आणि पुसलेली फरशी यांतला फरक कळत नव्हता. पहिल्याच दिवशी बायकोने ओलं फडकं फिरवताच पंप थांबले, भोंगा केकाटला आणि तिघांचेही मोबाइल थरथरले. अधीक्षकांनी त्याच संध्याकाळी घरगुती धोरण जाहीर केलं: बैठकीच्या खोलीत फरशी पुसण्यापूर्वी पूर्वसूचना देणे आवश्यक राहील, तोंडी सूचना ग्राह्य धरली जाईल.

"आणि तुम्ही कार्यालयात असाल तेव्हा?" बायकोने विचारलं.

"तेव्हा नुसता झाडू मारायचा."

वर्गातल्या मागच्या बाकावरची मुलं जिला घाबरून पुढे येत, त्या नजरेने बायकोने त्यांच्याकडे पाहिलं.

मग एका दुपारी मुलीच्या हातून सरबताचा पेला निसटला. पेला अगदी छोटा होता. सांडलं ते तिने लगेच पुसलं, पण पट्टीच्या खाली ओल राहिली. पंप बंद पडले. भोंग्याची तर एव्हाना घरात सगळ्यांना इतकी सवय झाली होती, की मुलीने त्याच्यावर उशी ठेवली आणि ती अभ्यासाला बसली.

बायको शाळेतून आली तेव्हा मासे पाण्याच्या अगदी वरच्या थरात येऊन तोंडं उघडमीट करत होते. पाणी खेळवून त्यात हवा मिसळणारा पंपही बंद होता, त्यामुळे पाणी हलत नव्हतं. तिने ताबडतोब नवऱ्याला फोन लावला.

"अहो, मासे गुदमरताहेत."

अधीक्षकांनी बैठकीतल्या बैठकीत मोबाइल उघडला. पडद्यावर सगळे दिवे हिरवे होते. "छे, छे. इथे तर सर्व काही सुरक्षित दाखवतंय. 'गळती यशस्वीरीत्या रोखली', असं आलंय."

"मी टाकीसमोर उभी आहे!"

"तू एकाच जागेवरून पाहतेयस. इथे तिन्ही कांड्यांचं एकमत आहे."



"मग मासे मोबाइलमध्येच ठेवा," बायको म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पुढचं काम तिने, मुलीने आणि मावशींनी मिळून केलं. मावशींच्या घरातला मोठा प्लास्टिकचा टब निघाला. टाकीतलं पाणी बादल्यांनी खाली गेलं. मागून खडक, प्रवाळं आणि गाळणीत बसून मासे गेले. हवेचे बुडबुडे सोडणारा एक साधा पंप आणि एक साधा हीटर, एवढाच सरंजाम. पाणी किती तापलंय हे मावशी येता-जाता बोट बुडवून पाहत. अंधार पडायच्या आत मासे टबात गोल गोल फिरू लागले.

अधीक्षक घरी आले ते थेट खालीच गेले. टबाशेजारी उकिडवे बसले. माशांनी त्यांना ओळखलं आणि ते पृष्ठभागाशी आले. अधीक्षकांचा चष्मा ओला झाला. त्यांनी तो काढून पुसला आणि बराच वेळ परत घातला नाही.

"राहू दे त्यांना इथेच," मावशी म्हणाल्या. "मलाही सोबत होते. शिवाय तुमचं दूधही इथेच आहे."

वरच्या रिकाम्या टाकीत अधीक्षकांनी पुन्हा खारं पाणी भरलं, कारण यंत्रं कोरडी ठेवली तर खराब होतात. आणि मग आश्चर्य घडलं. एकही बिघाड होईना. तापमान स्थिर, पाणी निर्मळ, भोंगा मुका. गोगलगायही आता टबात होती. मोबाइलवर दिवसचे दिवस हिरवेगार.

या यशाची वार्ता कार्यालयात पोचली आणि खुद्द संचालक पाहायला आले. ते टाकीसमोर हात मागे बांधून उभे राहिले, नियंत्रकाच्या पेटीवरचा आकड्यांचा पडदा त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाले, "अप्रतिम! एकही तक्रार नाही. हे साधलंत कसं?"

अधीक्षक प्रामाणिक माणूस. "साहेब, मासे काढून टाकले."

संचालक विचारात पडले. पुढच्याच महिन्यात विभागाची सगळी व्यवस्था ऑनलाइन झाली, तक्रारदारांसाठीचं दार कायमचं बंद करण्यात आलं, आणि त्या वर्षीचं उत्कृष्ट कारभाराचं प्रशस्तिपत्र विभागाने पटकावलं.

संचालकांच्या मागोमाग शेजारीपाजारीही टाकी पाहायला येऊ लागले. सगळे पडद्यापाशी थबकत, आकड्यांची तारीफ करत, दुकानाचा पत्ता मागत. टाकीत मासे नाहीत, हे कोणाच्या लक्षात येत नसे, आणि अधीक्षक आपण होऊन सांगत नसत. चहा झाला की पाहुण्यांना पडद्यासमोर सोडून ते हळूच जिना उतरत. खाली टबाजवळ त्यांच्यासाठी एक पाट मांडलेला असे.

त्या पाहुण्यांना खुशाल हसा. हसून झालं की एवढंच सांगा: आज सकाळी डोळे उघडल्यावर रात्री आपल्याला झोप नीट लागली की नाही, हे तुम्ही कोणाला विचारलंत? स्वतःला, की मनगटावरच्या घड्याळाला?